रबाई येथील पाणीसाठा प्रकल्प : कामाच्या नोंदी

२२ जुलै २०२३, शनिवार. नाशिक.

केनियाच्या किनारपट्टीवरील रबाई या गावाजवळच्या, चर्चशी संलग्न असलेल्या एका प्राथमिक शाळेत पावसाचे पाणी साठवण्याची सोय करून द्यावी, असा ठराव आमच्या मंडळीच्या सेवाकार्य समितीने वर्षारंभी केला होता. त्याची अंतिम बैठक आज शरणपूर रस्त्यावरील एका सभासदाच्या घरी पार पडली. सात जणांचे पथक ठरले असून त्यात आमचे पाळकसाहेब, सेवानिवृत्त परिचारिका असलेल्या एक मावशी, नळकाम करणारे एक दादा, तरुण संघाची तीन मुले आणि पाणीपुरवठ्याच्या कामात आयुष्य घालवलेला मी, असे सगळे आहोत. हिशेब आणि नोंदी ठेवण्याची जबाबदारी माझ्याकडे आली आहे.

प्रवासाच्या तयारीतील दोन गोष्टी येथे लिहून ठेवतो, कारण पुढच्या पथकाला त्या लागतील. केनियाहून भारतात परतताना पीतज्वराची लस घेतल्याचा दाखला दाखवावा लागतो आणि लस घेतल्यापासून दहा दिवसांनीच तो ग्राह्य होतो, त्यामुळे मान्यताप्राप्त केंद्रावर जाऊन ती वेळेत टोचून घेणे भाग आहे. दुसरे म्हणजे, केनियात २०१७ पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर कडक बंदी आहे. मावशींनी मेतकूट, गोडा मसाला आणि चटण्या नेहमीप्रमाणे प्लास्टिकमध्ये बांधून ठेवल्या होत्या, त्या आज सगळ्या सोडून कापडी पिशव्यांत आणि स्टीलच्या डब्यांत भरल्या. हिवतापाच्या प्रतिबंधक गोळ्या सर्वांनी डॉक्टरांना विचारून घ्याव्यात, हेही ठरले.

एकसारखे छापील टी-शर्ट करावेत अशी सूचना तरुण संघाकडून आली होती. पाळकसाहेबांनी ती हसून बाजूला ठेवली आणि त्या पैशात दोन पाइप पाने व एक पाणसळ जास्त घेतली, हे मला मनापासून पटले.

१२ ऑगस्ट, शनिवार. रबाई.

मुंबईहून नैरोबी, आणि नैरोबीहून दुपारच्या रेल्वेने मोंबासा असा प्रवास झाला. २०१७ मध्ये सुरू झालेला हा लोहमार्ग त्सावोच्या राष्ट्रीय उद्यानातून जातो. लाल मातीने माखलेले हत्ती खिडकीतून दिसल्यावर आमच्या मुलांनी डबा डोक्यावर घेतला आणि शेजारी बसलेल्या केनियन आजीबाईंनी, पोरे पहिल्यांदाच आलेली दिसतात, अशा अर्थाची मान हलवली. मोंबासाचे स्थानक शहराबाहेर मिरितिनी येथे असल्याने तेथून माझेरास मार्गे रबाईच्या टेकडीवर पोहोचायला फार वेळ लागला नाही. तरीही अंधार झाला होता.

चर्चच्या आवारातील अतिथिगृहात राहण्याची सोय आहे. प्रत्येक खाटेवर मच्छरदाणी आहे आणि न्हाणीघरात वीस लिटरचा एकेक पिवळा जेरीकॅन भरून ठेवलेला आहे. तो एका माणसाला दिवसभरासाठी आहे, असे सांगण्यात आले. मोंबासाला पाणी नेणारी मझिमा झऱ्यांची मोठी नळवाहिनी याच भागातून पुढे जाते. गावातल्या नळाला मात्र पाणी केव्हा येईल याचा नेम नसतो. आम्ही ज्या कामासाठी आलो आहोत त्याची गरज समजून घ्यायला हा जेरीकॅन पुरेसा होता.

१३ ऑगस्ट, रविवार.

सकाळची उपासना साडेतीन तास चालली. स्वाहिलीतील गाणी, मुलांचा वेगळा संघ, महिलांचा वेगळा संघ, मग शास्त्रपाठ, मग प्रवचन, आणि त्यानंतर पाहुण्यांचा परिचय. येथे पाहुण्याने उभे राहून आपले नाव, गाव आणि शुभेच्छा सांगायच्या असतात. ‘ब्वाना आसिफिवे’ (प्रभूची स्तुती असो) असे म्हटल्यावर सगळ्या मंडळीकडून एका सुरात ‘आमेन’ येते. आमच्या मुलांनी टाळ वाजवून एक मराठी भजन म्हटले. दुसऱ्या कडव्याला मागच्या बाकावरचा ढोलवाला त्यात सामील झाला आणि ताल आमच्यापेक्षा त्यानेच अधिक नेटका धरला.

ज्यांच्याजवळ रोख पैसे नसतात ते लोक अर्पणात अंडी, कसावाचे कंद, नारळ, एखादी कोंबडी आणून ठेवतात, आणि उपासना संपल्यावर आवारातच त्यांचा लिलाव होतो. जो सर्वांत मोठी बोली लावतो तो पैसे चर्चला देतो आणि पुष्कळदा ती वस्तू आणणाऱ्यालाच किंवा एखाद्या गरजू घराला परत देऊन टाकतो. पाळकसाहेबांनी एक कोंबडी जिंकली आणि रीतीप्रमाणे ती एका वृद्ध विधवेच्या हाती दिली. आमच्याकडे सुगीच्या सणाला पिकाचा लिलाव होतो तो वर्षातून एकदा; येथे तो साप्ताहिक व्यवहार आहे आणि त्यावर शाळेच्या छपराची डागडुजीसुद्धा झालेली आहे.

लहान मुले मोठ्या माणसाला पाहताच ‘शिकामो’ म्हणतात आणि मोठ्याने ‘मराहबा’ असे उत्तर द्यायचे असते. माझे केस पांढरे असल्याने आज मला हे उत्तर दिवसभर द्यावे लागले.

१४ ऑगस्ट, सोमवार.

शाळांची सुट्टी आजपासून सुरू झाली, त्यामुळे जागा मोकळी मिळाली. शाळेच्या पाणी समितीबरोबर पहिली बैठक झाली. बैठक ‘सा म्बिली’ला, म्हणजे शब्दशः दोन वाजता होती, परंतु येथील घड्याळ सूर्योदयापासून मोजले जात असल्याने ती सकाळी आठ वाजता असते. म्चुंगाजींनी, म्हणजे येथील पाळकांनी, हे आम्हाला आदल्या रात्रीच समजावून दिल्यामुळे आम्ही वेळेवर हजर होतो.

समितीत मुख्याध्यापक, म्चुंगाजी, पालकांपैकी तीन मामा (येथे कोणत्याही आईला मामा म्हणून आदराने हाक मारतात) आणि गवंडीकाम व सुतारकाम दोन्ही जाणणारे एक वयस्कर फुंदी आहेत. चार वर्गांची इमारत २४ मीटर लांब आणि ८ मीटर रुंद असून तिला पत्र्याचे दुपाखी छप्पर आहे. पाणी धरायला पत्र्याचे छप्पर लागते. झावळ्यांच्या शाकारणीवरून येणारे पाणी पिण्याजोगे राहत नाही. आडव्या मापाने क्षेत्र १९२ चौरस मीटर भरते, म्हणजे एक मिलिमीटर पावसात १९२ लिटर पाणी पडते, आणि उडून, सांडून, गळून जाणारे वजा केले तरी सुमारे दीडशे लिटर हाती लागावे. किनारपट्टीच्या या भागात वर्षाला साधारण हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तोही मुख्यतः दोन हंगामांत : मार्च ते मे आणि पुन्हा ऑक्टोबर ते डिसेंबर. दहा-दहा हजार लिटरच्या दोन टाक्या भरायला सुमारे १३० मिलिमीटर पाऊस पुरेल. तीनशे मुलांना दिवसाला दोन लिटर धरले तर हा साठा महिनाभर पुरतो. हे गणित फळ्यावर मांडल्यावर मुख्याध्यापकांनी ते वहीत उतरवून घेतले आणि पुढच्या सत्रात सातवीच्या मुलांना उदाहरण म्हणून घालणार असल्याचे सांगितले.

टाक्यांची जागा समितीनेच निश्चित करायची, हे जुलैतच ठरले होते आणि म्हणून आम्ही आराखड्यात तो रकाना मोकळा ठेवून आलो होतो. दोन्ही टाक्या पूर्वेच्या टोकाला शेजारी शेजारी ठेवल्या तर नळजोडणी सोपी जाते, असा एक विचार पुढे आला. फुंदींनी त्यावर एकच प्रश्न केला : पन्हळाला मीटरमागे एक सेंटिमीटर उतार दिला तर २४ मीटरला २४ सेंटिमीटर उतार होईल, मग खालच्या टोकाला पन्हळ पत्र्याच्या कडेपासून इतके खाली जाईल की जोराच्या पावसात पाणी त्यावरून उडी मारून पलीकडे पडेल, त्याचे काय? त्यांनी इमारतीच्या मध्यभागी उभे राहून दोन्ही हात दोन बाजूंना उतरते धरून दाखवले. मध्यापासून दोन्हीकडे बारा-बारा सेंटिमीटर उतार द्यायचा आणि दोन टोकांना एकेक टाकी बसवायची, हे सर्वानुमते ठरले.

पश्चिमेच्या टोकाला मोठा आंबा आहे. पाने पन्हळात पडतील म्हणून तो तोडावा, असे आमच्यातील एकाचे म्हणणे होते. तिन्ही मामांनी ते साफ नाकारले. त्या सावलीत पालकांच्या सभा होतात, पाणी गार राहते आणि आंबा हा आंबा असतो. छपरावर आलेल्या फांद्या तेवढ्या छाटायच्या, असे ठरले.

१५ आणि १६ ऑगस्ट.

चौथऱ्यांचे काम. दहा हजार लिटर पाणी म्हणजे दहा टन वजन, तेव्हा टाकीपेक्षा टाकीखालच्या चौथऱ्याकडे अधिक लक्ष द्यावे लागते. या भागात प्रवाळाचा दगड खाणीतून चिरे कापून काढतात. रंगाने तो मळकट पांढरा असून आमच्या कोकणातल्या जांभ्याच्या चिऱ्याप्रमाणेच हाताळला जातो. २.७ मीटर व्यासाचे दोन गोल चौथरे, जमिनीपासून ६० सेंटिमीटर उंच, म्हणजे तोटीखाली बादली सहज बसेल. आत मुरूम भरून थराथराने ठोकला.

येथे कामाच्या वाटपाबद्दल थोडे स्पष्ट लिहितो. चिरे, मुरूम आणि वाळू गावाने हरांबीतून, म्हणजे सार्वजनिक वर्गणीतून, आणली आहे. टाक्या, पन्हळी, पाइप आणि सिमेंट नाशिकच्या वर्गणीतून. गवंडीकामाला फुंदी आणि त्यांचे चार मदतनीस रोजंदारीवर आहेत आणि त्यांची मजुरी दर संध्याकाळी मोबाइलवरून एम-पेसाने जमा होते, त्यामुळे हिशेबाची नोंद आपोआप राहते. आमची मुले मुरूम वाहतात, पाणी आणतात आणि सांगितलेले करतात. ‘इतक्या लांब येऊन आपण विटासुद्धा रचायच्या नाहीत का?’ असा प्रश्न तरुण संघातील एकाने रात्री विचारला. त्याचा उत्साह खरा होता. पण जो चिरा आमचा मुलगा अर्ध्या तासात ओबडधोबड बसवील, तो फुंदींचा मदतनीस पाच मिनिटांत ओळंब्यात बसवतो, आणि त्या मजुरीवर त्याचे घर चालते. परदेशी पाहुण्यांच्या हौसेसाठी त्याला बाजूला उभे करणे मला सेवाकार्याच्या कोणत्याही व्याख्येत बसवता येत नाही. मी हे सांगितल्यावर तो थोडा वेळ गप्प राहिला, आणि दुसऱ्या दिवशी फुंदींकडून ओळंबा धरायला शिकला.

जेवण : सकाळी दूध घातलेला गोड चहा आणि महामरी (नारळाच्या दुधात मळलेल्या, वेलदोड्याच्या तळलेल्या पुऱ्या) बरोबर नारळाच्या रसातील तुरीचे दाणे, ज्यांना येथे म्बाझी म्हणतात. दुपारी उगाली आणि सुकुमा विकी, म्हणजे एक पालेभाजी. उगाली म्हणजे मक्याच्या पिठाची बिनमिठाची घट्ट उकड. ती हाताने गोळा करून, अंगठ्याने खळगा पाडून, त्यात भाजी उचलून खातात. मावशींनी एका रात्री त्याच उगालीबरोबर पिठले केले. स्वयंपाकघरातील मामांनी डाळीच्या पिठाची चौकशी केली, ते मोंबासाच्या बाजारात गुजराती दुकानांतून मिळते हे त्यांनाच आधी ठाऊक होते, आणि पातेले पुसून घेतले.

१७ ऑगस्ट, गुरुवार.

दोन्ही चौथऱ्यांवर जाळी घालून दहा सेंटिमीटर जाडीचा काँक्रीटचा थर टाकला. आता सात दिवस त्यावर पाणी मारायचे आहे. पाणी साठवण्याच्या कामासाठीच पाणी विकत आणावे लागते, यातला विरोधाभास कोणाच्याही नजरेतून सुटला नाही. बोडाबोडा, म्हणजे भाड्याच्या मोटारसायकली, मागच्या बाजूला चार-चार जेरीकॅन बांधून आणतात. काँक्रीटवर गोणपाटे अंथरून ती भिजवल्याने पाणी निम्म्यावर आले.

मावशींच्या कामाविषयी. त्या तीस वर्षे रुग्णालयात होत्या, आणि आरोग्य शिबिर भरवावे अशी अपेक्षा गावातून व्यक्त झाली होती. केनियात नोंदणी नसताना त्यांनी कोणाला तपासणे किंवा औषध देणे योग्य नाही, अशी भूमिका त्यांनी स्वतःच पहिल्या दिवशी घेतली आणि शेवटपर्यंत सोडली नाही. त्याऐवजी गावातील सरकारी दवाखान्याच्या परिचारिकेबरोबर बसून त्यांनी हात धुण्याचे आणि घरातले पाणी झाकून ठेवण्याचे प्रात्यक्षिक केले, ज्यात बोलण्याचे काम त्या परिचारिकेने स्वाहिलीत केले आणि मावशींनी हाताने करून दाखवले. आपल्या पिशवीतील औषधे वाटून मोकळे होणे सोपे होते. आपण गेल्यावर त्या रुग्णाला पुढची गोळी कोण देणार, हा त्यांचा प्रश्न होता.

१९ ऑगस्ट, शनिवार.

काँक्रीट पक्के होईपर्यंत हातात वेळ असल्याने आज रबाईचा जुना मिशन परिसर आणि मोंबासाजवळचे फ्रेरेटाऊन पाहिले. या भेटीची नोंद लांबते आहे. आमचे पथक नाशिकचे असल्याने ती लांबणे रास्त आहे.

योहान लुडविग क्राफ हे जर्मन मिशनरी चर्च मिशनरी सोसायटीच्या वतीने १८४४ मध्ये मोंबासाला आले. त्याच वर्षी त्यांची पत्नी रोझीन आणि नवजात मुलगी तापाने गेली. १८४६ मध्ये योहानेस रेबमान त्यांना येऊन मिळाले आणि दोघांनी या टेकडीवर ठाणे उभारले. याच रेबमाननी ११ मे १८४८ रोजी किलिमांजारोचा बर्फाच्छादित माथा पाहिला आणि युरोपातील भूगोलतज्ज्ञांनी विषुववृत्तावर बर्फ असू शकत नाही म्हणून त्यांची टर उडवली. दोघांची घरे येथे अजून उभी आहेत आणि आवारात संग्रहालय आहे.

या दोघा जर्मनांइतकीच येथील मंडळी उभी करणारी दुसरी माणसे नाशिकहून आली होती, आणि ती आफ्रिकी होती. हिंदी महासागरात गुलामांच्या जहाजांवरून ब्रिटिश नौदलाने सोडवलेली मुले मुंबईला उतरवली जात, आणि त्यांपैकी पुष्कळांना १८५४ मध्ये विल्यम सॉल्टर प्राइस यांनी नाशिकला वसवलेल्या शरणपूर या ख्रिस्ती वस्तीत ठेवले जाई. तेथे ती वाचायला, लिहायला, सुतारकाम आणि लोहारकाम करायला शिकली. त्यांतील विल्यम जोन्स, जॉर्ज डेव्हिड आणि इश्माएल सेमलर १८६० च्या दशकात रबाईला आले. १८७३ मध्ये मध्य आफ्रिकेत मिशनरी व शोधप्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टन वारल्यावर ज्यांनी त्यांचा देह समुद्रापर्यंत वाहून आणला त्यांत नाशिकचे विद्यार्थी होते. त्यांतील जेकब वेनराइट इंग्लंडपर्यंत गेले आणि १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीत त्यांनी शवपेटीला खांदा दिला. त्याच वर्षी प्राइस यांना मोंबासाला पाठवण्यात आले आणि मुंबईचे माजी गव्हर्नर सर बार्टल फ्रेअर यांच्या नावाने फ्रेरेटाऊन ही मुक्त गुलामांची वसाहत उभी राहिली. तिथले कारागीर, शिक्षक आणि धर्मशिक्षक मोठ्या प्रमाणात शरणपूरहून आलेले होते. गुलामांची जहाजे दिसल्यास इशारा देणारी घंटा आजही चौकातल्या मनोऱ्यावर आहे. तिच्या भोवतीने दिवसभर मतातु, म्हणजे प्रवासी वाहतुकीच्या छोट्या गाड्या, हॉर्न वाजवत जातात आणि मनोऱ्याच्या पायथ्याशी एक जण मोबाइलची आवरणे विकत होता.

जोन्स आणि सेमलर यांना १८८५ मध्ये बिशप हॅनिंग्टन यांनी दीक्षा दिली. त्याच वर्षी हॅनिंग्टन युगांडाच्या वाटेवर मारले गेले तेव्हा मागे राहिलेला काफिला सांभाळून परत आणण्याची जबाबदारी जोन्स यांनी पार पाडली. या मंडळींना पूर्व आफ्रिकेत ‘बॉम्बे आफ्रिकन्स’ म्हणून ओळखले जाई. युरोपीय मिशनऱ्यांशी त्यांचे वेतनावरून आणि दर्जावरून खटके उडत राहिले आणि अनेक जण मिशन सोडून व्यापारी कंपनीच्या नोकरीत गेले. शिकवून तयार केलेल्या माणसांवर काम सोपवायची वेळ आली की मन आखडते, हा मिशनांच्या इतिहासातला जुना विकार आहे. आम्हाला तो लागू होत नाही असे मानायला काही कारण नाही.

म्चुंगाजींना शरणपूरचे नाव माहीत होते. आपण त्या रस्त्यावर राहतो, आज तेथे दुकाने आणि बँका आहेत, हे सांगितल्यावर त्यांनी आमच्याकडे फोनवरची छायाचित्रे मागितली आणि ‘येथून आमची माणसे आली का?’ असे दोनदा विचारले.

२० ऑगस्ट, रविवार.

पाळकसाहेबांचे प्रवचन झाले. म्चुंगाजींनी वाक्यागणिक भाषांतर केले आणि काही वाक्ये त्यांनी मुळापेक्षा बरीच लांबवली, तेव्हा मंडळी हसत होती आणि पाळकसाहेबही कारण न कळता हसत होते.

छायाचित्रांबाबत एक नियम आज पुन्हा बजावला : मुलांची छायाचित्रे पालकांना विचारल्याशिवाय काढायची नाहीत आणि नाशिकच्या गटांवर टाकायची नाहीत. वर्गणीदारांना दाखवायला चौथरा, पन्हळ आणि पावत्या पुरेशा आहेत.

२२ ऑगस्ट, मंगळवार.

टाक्या काल यायच्या होत्या, त्या आल्या नाहीत. पुरवठादाराकडून कालही ‘केशो’ आणि आजही ‘केशो’, म्हणजे उद्या. दरम्यान पन्हळी लावताना निराळाच प्रश्न निघाला : छपराच्या कडेच्या लाकडी पट्ट्या उत्तर बाजूला वाळवीने पोखरलेल्या आहेत. त्यांवर पन्हळीचे ब्रॅकेट ठोकले तर पहिल्याच पावसाच्या वजनाने सगळे खाली येईल. नवीन पट्ट्या अंदाजपत्रकात नव्हत्या. समितीची तातडीची बैठक होऊन लाकडाचा निम्मा खर्च शाळेने आणि निम्मा आमच्या राखीव निधीतून करायचे ठरले. संपूर्ण खर्च आम्ही उचलू शकलो असतो. मुख्याध्यापकांनीच निम्म्याचा आग्रह धरला, आणि त्यामागचे त्यांचे कारण व्यवहारी होते : फुकट आलेल्या लाकडाला दरवर्षी वाळवीचे औषध लावायला कोणी येत नाही.

२४ ऑगस्ट, गुरुवार.

टाक्या काल संध्याकाळी ट्रकने आल्या. आज सकाळी पंधरा-वीस माणसांनी हाकारे देत त्या चौथऱ्यांवर लोटून चढवल्या. नळकामवाल्या दादांचा दिवस आज खऱ्या अर्थाने उजाडला. छपरावरचे पहिले पाणी धूळ, पक्ष्यांची विष्ठा आणि पाने घेऊन येते, ते टाकीत जाऊ नये म्हणून प्रत्येक टाकीआधी सहा इंची पाइपचा पावणेतीन मीटरचा उभा तुकडा बसवला आहे. त्यात सुमारे ४८ लिटर पाणी मावते, म्हणजे त्या टाकीच्या वाट्याच्या ९६ चौरस मीटर छपरावरचा पहिला अर्धा मिलिमीटर पाऊस. हा तुकडा भरला की पुढचे पाणी टाकीकडे वळते, आणि खालचे झाकण पाऊस थांबल्यावर उघडून तो रिकामा करायचा असतो. दादांना स्वाहिली येत नाही आणि फुंदींना हिंदी येत नाही, तरी दुपारपर्यंत दोघे एकमेकांच्या हातातील पाना न मागता घेत होते. दादा त्यांना ‘काका’ म्हणत होते. फुंदी दादांना ‘क्रुंदी’ असे काहीतरी म्हणत, ज्याचा उलगडा शेवटपर्यंत झाला नाही. ओव्हरफ्लोच्या तोंडाला डासांची जाळी लावली. हिवतापाच्या प्रदेशात उघडे तोंड असलेली टाकी ठेवणे म्हणजे एक आजार घालवून दुसरा पाळणे होय.

बोडाबोडाने आणलेल्या पाण्याने दोन्ही पन्हळींची चाचणी घेतली. पश्चिमेकडील एका सांध्यातून गळती होती, ती सीलंट लावून बंद केली.

२५ ऑगस्ट, शुक्रवार.

हस्तांतरण. समारंभ लहान ठेवला : प्रार्थना, चहा, मांदाझी (तळलेला गोडसर पाव) आणि हिशेबाचे वाचन. प्रत्येक पावतीची एक प्रत समितीला दिली. तोटीच्या कुलपाच्या किल्ल्या कोणाकडे राहाव्यात यावर मात्र पाऊण तास चर्चा झाली. मुख्याध्यापकांकडे ठेवल्या तर सुट्टीत पाणी मिळणार नाही, आणि पहारेकऱ्याकडे ठेवल्या तर रात्री पाणी विकले जाईल. शेवटी दोन कुलपे लावायचे ठरले. एक किल्ली मुख्याध्यापकांकडे आणि दुसरी एका मामांकडे, म्हणजे दोघांशिवाय तोटी उघडणार नाही. कोणीतरी फलकावर आमच्या मंडळीचे नाव रंगवण्याची सूचना केली. पाळकसाहेबांनी तेथे शाळेचे नाव आणि पहिले पाणी सोडण्याची कृती लिहावी असे सुचवले, आणि मुख्याध्यापक ती कृती चित्रांसह रंगवून घेणार आहेत.

राहिलेली कामे : फलक, उत्तरेच्या पट्ट्यांना वाळवीचे औषध, आणि आंब्याच्या दोन फांद्या, ज्या छाटायला फुंदींच्या पुतण्याला सवड झाली नाही.

१९ नोव्हेंबर, रविवार. नाशिक.

केनियाच्या किनाऱ्यावर यंदा अतिवृष्टी झाली असून अनेक ठिकाणी पूर आल्याच्या बातम्या येत आहेत. मुख्याध्यापकांचा संदेश आज आला, तो मंडळीत वाचून दाखवला. पूर्वेची टाकी पहिल्या आठवड्यातच भरून वाहिली. पश्चिमेची अर्ध्यावर अडली, कारण त्या दोन फांद्या तशाच राहिल्या होत्या आणि पानांनी पन्हळीचे तोंड बुजवले होते. समितीने फांद्या छाटल्या, पन्हळीवर जाळी बसवली आणि खर्च लिलावाच्या पैशातून केला. ओव्हरफ्लोचे पाणी वाहून चौथऱ्याच्या कडेची माती धुपू लागली आहे, तेव्हा तेथे दगडी गटार करावे असे फुंदींचे मत आहे. त्याचा अंदाज समिती आम्हाला पाठवणार आहे, पैशांसाठी नव्हे, तर उताराचे माप तपासून देण्यासाठी.